शेवटपर्यंत वाचणारा

२ तारीख, सोमवार
नवी वही, नवं गाव, नवी नोकरी! खोली पहिल्या मजल्यावर आहे. खिडकीतून पाण्याची टाकी आणि समोरच्या शिंप्याची पाटी दिसते. आई गेल्यापासून जुनं घर खायला उठायचं. इथे निदान भिंती अनोळखी आहेत, काही आठवण करून देत नाहीत.
कंपनी वजनकाटे बनवते, सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे. कंपनीच्या वेबसाइटवर कोण येतं ते बघायचं माझं काम. किती जण आले, कुठल्या पानावर किती वेळ थांबले, कुठे कंटाळून निघून गेले. मालक म्हणाले, दुकानात गिऱ्हाईक आलं की मला तोंडावरून कळतं, पण या भानगडीत तोंडच दिसत नाही, म्हणून तुम्हाला घेतलं. मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

५ तारीख, गुरुवार
दिवसाला साठ-सत्तर माणसं येतात. बहुतेकांना भंगाराचा मोठा काटा हवा असतो, आणि फोन नंबर सापडला नाही की ती जातात. नंबर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होता. तो उचलून वर मोठा टाकला. दुपारपर्यंत चार फोन! मालक खूश.
ऑफिसच्या वरच्या मजल्यावर मी एकटीच. खाली गोदामात पॅकिंगवाल्या मावशी असतात, पण त्यांचं सगळं बोलणं चिकटपट्टीशी. सारखी तुटते म्हणून तिला शिव्या घालतात. डबा टेबलावरच खाल्ला. ताईला फोन केला, तर तिच्या मुलांच्या परीक्षा. दोन मिनिटंच बोलली.

१० तारीख, मंगळवार
मोजणी बरोबर होते का ते तपासायला एक लपलेलं पान बनवलं. त्याला कुठूनही वाट नाही. पत्ता म्हणजे फक्त आजची तारीख. त्यावर लिहिलं, 'कुणी आहे का?' मग मीच उघडलं. मोजणीत एक भेट दिसायला हवी होती. दिसल्या दोन. दुसऱ्याने पान शेवटपर्यंत वाचलं होतं.
मालकांना विचारलं. ते म्हणाले, मला माझी मेल उघडता येत नाही, तुमचं लपलेलं पान कसलं उघडतोय!
गंमत म्हणून आजची ही नोंदही त्या पानावर उतरवली.

१३ तारीख, शुक्रवार
रोज संध्याकाळी पाचला त्या दिवसाची नोंद त्या तारखेच्या पानावर टाकते. सकाळी येऊन बघावं तर तो वाचून गेलेला. हो, मी त्याला 'तो' म्हणायला लागलेय. गावाच्या रकान्यात 'अज्ञात' येतं.
काल आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल लिहिलं. तिने पाणी मागितलं आणि मी 'थांब जरा' म्हणाले, ते. ताईलाही सांगितलेलं नाही. तो त्या पानावर चाळीस मिनिटं थांबला. टेबलावर डोकं ठेवून रडले. इतका वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं.

१६ तारीख, सोमवार
आज एक विचित्रच. अहवालात सतरा तारखेचं पान वाचलेलं दिसतंय. पन्नास सेकंद. सतरा उद्या आहे! ते पान मी बनवलेलंच नाही.
वेबसाइट सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो हसला. कुणीतरी अंदाजाने उद्याची तारीख टाकली असेल, 'पान सापडलं नाही' असं आलं असेल, सोडून द्या. मी वेळ सांगितली, आणि पान तळापर्यंत सरकवल्याचंही सांगितलं. त्याने वेळ पुन्हा विचारली.
"रिकाम्या पानावर एवढा वेळ कोणी थांबत नाही हो, मॅडम," तो म्हणाला. मग, यंत्रणेत बिघाड असेल, पुढच्या आठवड्यात बघतो.
खाली मावशी चिकटपट्टीला शिव्या घालत होत्या. ऐकून बरं वाटलं.

१७ तारीख, मंगळवार
आज सकाळीच पान टाकलं, दोनच ओळींचं. दिवसभर वाट पाहिली. तो आला नाही. का येईल? त्याचं वाचून झालंय.
अहवालात पुढची पानंही आली आहेत. अठरा तारीख, तीस सेकंद. एकोणीस, वीस सेकंद. वीस तारीख, नऊ सेकंद. सगळी शेवटपर्यंत वाचलेली. एकवीसचं पान नाही. बावीसचं नाही. पुढे काहीच नाही.
मालकांना दाखवलं. ते म्हणाले, आलेलं गिऱ्हाईक मोजायचं, न आलेल्याची काळजी कशाला? मला त्यांना नीट सांगताच येईना. काय सांगणार, की माझ्या रोजनिशीला एक वाचक आहे आणि तो माझ्या पुढे गेलाय?
घरी आले. वहीतली ही नोंद घड्याळ लावून वाचली. बेचाळीस सेकंद. मग वाटलं, अजून थोडं राहिलंय लिहायचं. हे एवढं धरलं तर— पन्नास.

१८ तारीख, बुधवार
वेबसाइटवर काही टाकलं नाही. हे फक्त वहीत. हाताने.
मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी चिकटपट्टी बाजूला ठेवली. "पोरी, तो कॉम्प्युटर बंद कर आणि इथे माझ्याशेजारी येऊन बस," म्हणाल्या. दुपारभर खोकी बांधली. पहिल्या दिवसापासून इथेच बसायला हवं होतं. मी मात्र वर बसून त्याची वाट—
आता थांबते. तीस सेकंद व्हावेत म्हणून लांबवायचं नाही. होऊ नयेत म्हणून आखडायचंही नाही. काय करू?

१९ तारीख, गुरुवार
वेबसाइटवर अठराचं पान उघडलं. ते आहे. वहीतलं सगळं, शब्द न् शब्द. मी खोडलेला शब्दही—
वही रात्रभर माझ्या उशाखाली होती.
ताईला फोन केला. रडले. ती म्हणाली, "परीक्षा गेल्या खड्ड्यात, तू उद्याच्या उद्या ये."

२० तारीख, शुक्रवार
आज पानंच्या पानं लिहिणार. नऊ सेकंदांत संपूच देणार नाही. बस साडेदहाची, ताई स्टँडवर येणार, तिला पाण्याचं सांगायचंय, सगळं, अगदी पहिल्यापासून, म्हणजे आईने