हरणाच्या चाळीस शेपट्या

१२ नोव्हेंबर
परत तेच. म्हणे केस जास्त झाले. दर वेळी माझेच कसे जास्त होतात? दुकानाच्या मालकीण ओडेटबाईंनी माझी फ्लाय, म्हणजे गळावर केस बांधून केलेला खोटा मासा, बादलीत बुडवली, वर काढली आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "पोरा, गळाला केस असे बांधायचे की मोठ्या माशाला वाटलं पाहिजे, पिल्लू पोहतंय. हा तर भांडी घासायचा ब्रश आहे."
कोरडी असताना काय देखणी दिसत होती! गिऱ्हाईक कोरडीच विकत घेतं ना? मग बुडवायची कशाला?
बाईंचा नियम: मनात येतील त्याच्या निम्मे केस घ्यायचे, मग त्यातलेही निम्मे काढायचे. त्यापेक्षा नुसता गळच विका म्हणावं.
उद्यापासून रोज सहा फ्लाय बांधणार.

१३ नोव्हेंबर
एकही नाही. दोरा संपला होता. (नंतर सापडला. खिशात.)

१४ नोव्हेंबर
दिवसभर केस निवडले. हरणाच्या शेपटीत बुडाचे केस पोकळ, दोरा आवळला की छत्रीसारखे पसरतात. टोकाकडचे भरीव, गुमान बसतात. वासराचे कुरळे, ते बारक्या फ्लायला. कोल्ह्याचे मऊ, थांबलेल्या पाण्यातही हलतात, पण भिजले की अंगच उरत नाही. मला सगळं तोंडपाठ आहे. बोटांना कळायचं बाकी आहे, एवढंच.
बांधायच्या टेबलापाशी बाई अजून खुर्ची देत नाहीत. मागच्या खोलीत उपड्या बादलीवर बसतो. आज विचार करून या खोलीला 'केस विभाग' नाव दिलं. विभागात मी एकटाच. म्हणजे मुख्य मीच.

१६ नोव्हेंबर
मिशिगनला बाबांना फोन. सांगून टाकलं, केस विभागाचा मुख्य झालो. बाबा म्हणाले, "हाताखाली किती माणसं आहेत रे, रेनो?" म्हटलं, भरती चालू आहे.
तिकडे कालपासून हरणांची शिकार सुरू झाली. यंदा नर मोठे आहेत म्हणाले. माझ्या तोंडून गेलं, शेपट्या पाठवा, दुकान घेईल, सहा डॉलरला एक. म्हणाले, "मीठ लावून सुकवतो, माझा बाप लावायचा तसं." मला हसू आलं. म्हटलं, बाबा, धंदा आता पुढे गेलाय. उकळत्या पाण्यात साबण टाकून चांगल्या धुवा आणि स्टोव्हवर टांगा. तर म्हणाले, "बरं. तू मुख्य आहेस, तुला कळतं."
शेपट्या कशा धुतात हे मी कुणाला विचारलेलं नाही. पण स्वच्छता ती स्वच्छताच.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
दुकान बंद. बाईंनी घरी जेवायला बोलावलं होतं. म्हटलं, मित्रांकडे जायचंय. मग पेट्रोल पंपावरून टर्कीचं सँडविच आणलं आणि मी राहतो त्या ट्रेलरच्या पायरीवर बसून खाल्लं. इथे फ्लोरिडात नोव्हेंबरातही घाम येतो. बर्फाची आठवण अजिबात येत नाही.
एकटं असलं की एकाग्रता वाढते. दहा फ्लाय बांधायचं ठरवलं होतं. झोप लागली.

६ डिसेंबर
बाबांचा फोन. चाळीस शेपट्या जमल्या! स्वतःच्या फक्त दोन. बाकीच्या दारोदार मागून आणल्या. शेजारच्या तोइवोकडेसुद्धा गेले. कुंपणावरून भांडण झाल्यापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. "त्याला सांगितलं, माझा पोरगा मुख्य आहे तिथे. गाढवाने चार शेपट्या दिल्या. वर कॉफी पाजली."
मग म्हणाले, बसचं तिकीट दोनशे चाळीस आहे. शेपट्यांचे तेवढेच होतात. नाताळ झाला की निघतो. तुझं टेबल बघायचंय.
म्हटलं, याच! खरंच आनंद झाला.
फोन ठेवल्यावर टेबलाचा विचार आला.

७ डिसेंबर
सोपं आहे. बाबा यायच्या आत खुर्ची मिळवायची. आता रोज बारा.
आज तीन बांधल्या. तिन्हीच्या छत्र्या झाल्या. शेपटीच वाईट होती.

१५ डिसेंबर
पार्सल आलं. मी नेमका झाडू मारत होतो, बाईंनीच फोडलं. आधी वास आला. कातडी आक्रसून झाडाच्या सालीसारखी झालेली. बाईंनी एक चिमूट केस धरले, ते सगळे हातात आले. दुसरीचे तसेच. तिसरीचे तसेच.
"उकडल्या कुणी या? सूप करायचं होतं का?"
म्हटलं, काय माहीत. उत्तरेकडचा कुणी व्यापारी असेल. अडाणी.
बाईंनी एक शेपटी उजेडात धरली. म्हणाल्या, "पण ज्याने गोळा केल्या त्याची नजर पक्की आहे. कडाक्याच्या थंडीतले केस, लांब, सरळ. नुसतं मीठ लावलं असतं तर सगळ्या घेतल्या असत्या, आठ डॉलरने. सांग त्याला."
म्हटलं, सांगतो.
खोकं मीच कचऱ्यात टाकून आलो. एकूण एक शेपटी विंचरलेली होती.

१९ डिसेंबर
बाबांनी विचारलं, पसंत पडल्या का? म्हटलं, बाई बघतच राहिल्या. यात खोटं काही नाही.
हसले. म्हणाले, "उकळताना घाण वास सुटला होता रे. मनात आलं, बिघडतंय काहीतरी. पण तू सांगितलेलं होतंस." मग विचारत होते, मायामीला उतरून पुढची बस कुठून मिळते. कोट आणावा लागेल का.
म्हटलं, कोट नको.

२० डिसेंबर
पगार झाला. शेपट्यांचे म्हणून दोनशे चाळीस बाजूला काढले. नंतर शांतपणे विचार केला. दोन दिवसांचा बसचा प्रवास, त्यांचे गुडघे. ट्रेलरमध्ये खाट एकच. शिवाय आता कामाचे दिवस. (आज दोन गिऱ्हाइकं आली. एक रस्ता विचारायला.) वसंतात आलेले बरे. तेव्हा समुद्रात टार्पन मासे असतात, बघण्यासारखं असतं. आणि तोपर्यंत खुर्ची नक्की.
फोन करून सांगितलं, बाबा, बाजार पडला. साडेपाचच देतायत. म्हणाले, "असू दे. तुझ्या हातात थोडंच आहे." मग म्हणाले, तिकिटाचे वरचे वीस तोइवोकडे मागणार होतो, पण तो परत विचारेल, मुख्य असून एवढंच का? नको. वसंतात बघू.
मीही म्हटलं, वसंतात बघू.
उरलेल्या विसाची चांगली शेपटी घेणार, सरावाला.
बाबांना पाठवतोय: दोनशे वीस डॉलर.