शुद्धीवर येणाऱ्या भावाजवळ बसू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सामान्य रुग्णालय.

विषय : प्रवेशबंदी उठवून अतिदक्षता विभागात भावाजवळ बसू देणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराविरुद्ध काढलेली आपली प्रवेशबंदीची नोटीस.

महोदय,

अर्जदार व त्याचा धाकटा भाऊ सुतारकाम करतात. रंधा मारताना धाकट्याच्या उजव्या तळहातात लाकडाचे कुसळ घुसले. दुसऱ्या दिवशी तळहात जरासा लाल दिसत होता, पण ठणका असा की गडी भिंतीवर डोके आपटू लागला. आपल्या अपघात विभागातील डॉक्टरांनी वरवर पाहून गोळ्या दिल्या व "एवढ्याशा काट्याला एवढं नाटक?" असे म्हणून घरी पाठविले.

सकाळी परत आणला तेव्हा हात कोपरापर्यंत काळानिळा पडला होता, फोड फुटत होते, अंग तापाने फणफणत होते. तरीही रांगेत थांबण्यास सांगण्यात आले. भाऊ स्वतःचेच मनगट दातांनी फोडू लागला, तेव्हा अर्जदाराने बाकडे उचलून खिडकीच्या काचेवर घातले. अडवायला आलेल्या पहारेकऱ्याचे नाक अर्जदाराच्या ठोशाने फुटले. यातले काहीही अर्जदार नाकारत नाही.

त्या आवाजाने शस्त्रक्रिया विभागाच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या व हात पाहताच भावाला आत घेऊन गेल्या. एरवी घसा धरणारा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू मांसात खोल उतरला की असा माजतो, असे त्यांनी सांगितले. चीर देताच आतले मांस ओल्या भुशासारखे बोटाबरोबर निघाले. नासके मांस कापत कापत त्या कोपराच्याही वर गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "हात ठेवला तर माणूस जाईल. बोला लवकर." तोवर बोलावलेल्या पोलिसाने अर्जदाराचा दंड धरलेला असताना अर्जदाराने सही केली. हात खांद्यापासून गेला.

पहारेकरीदादांची अर्जदाराने पाय धरून माफी मागितली आहे. ते म्हणाले, "माझा भाऊ असता तर मीही हेच केलं असतं. पण नाक अजून दुखतंय."

तेव्हापासून भावाला औषधाने झोपवून ठेवले आहे; ते औषध उद्या थांबवणार असल्याचे कळते. अर्जदार खटल्यास सामोरा जाईल. हातकडी घालून, पोलिसासह आत सोडले तरी चालेल. परंतु डोळे उघडताच धाकटा उजवा हात चाचपेल. तो कापायला कुणी होकार दिला, हे त्याला परक्याच्या तोंडून कळू नये. ऐकून तो उरलेल्या हाताने मारील, तर तो मारही अर्जदारास समोर बसूनच खायचा आहे.

आपल्या उत्तरासाठी फाटकाबाहेर बसून असलेला,
आपला नम्र,
(सही)
रुग्णाचा थोरला भाऊ

सोबत : नोटिशीची प्रत.