कोरी बाटली

३ एप्रिल

आलो एकदाचा! नावाड्याने मला आणि माझ्या ट्रंकेला धक्क्यावर उतरवलं आणि विचारलं, आजोबा, हिच्यात दगड भरलेत की काय. पुस्तकं आहेत म्हटल्यावर दगड परवडले असते असा चेहरा केला. नावेत त्याला शाळेतल्या दोन कविता चालीवर म्हणून दाखवल्या होत्या. त्याची शिक्षा म्हणून त्याने जागच्या जागी माझं बारसं उरकलं. आता मी कविराज.

तळं केवढं मोठं आणि त्याच्या मध्यावर माझं बेट केवढं लहान! चालायला लागलो की सुरू होण्याआधी संपतं. त्यावर एक बसकं घर. पुढे कामाची खोली, मागे झोपायची, बाजूला स्वयंपाकाचा ओटा. खिडक्यांना बारीक जाळी आणि गज. दार मोठं मजेशीर आहे. धूळ आत येऊन पाण्याचे नमुने बिघडू नयेत म्हणून ते आपोआप मिटतं, आणि आतून असो की बाहेरून, अंगठा टेकवल्याशिवाय उघडत नाही. दोनच अंगठे त्याच्या ओळखीचे आहेत, माझा आणि नावाड्याचा. जन्मभर ग्रंथालयात कारकुनी केली, हजारो सह्या ठोकल्या, आणि म्हातारपणी अंगठेबहाद्दर झालो.

धाकटीला हे काम मुळीच पसंत नव्हतं. बाबा, या वयात पाण्यात कसले एकटे राहता, म्हणाली. जावईबापू हसले आणि म्हणाले, जाऊ दे गं, तिथे कविता ऐकायला मासे तरी आहेत. जूनअखेर तिचं बाळंतपण आहे. त्याआधी मी घरी हजर असेन असा शब्द दिला आहे. तिची आई असती तर मला पाठवलंच नसतं. आई नाही, म्हणून तर मी असायलाच हवा.

७ एप्रिल

काम शिकलो. प्रयोगशाळेच्या बाई स्वतः येऊन शिकवून गेल्या. बाई तरुण, चष्मेवाल्या, बोलतात भरभर. मला काका म्हणतात.

गोष्ट अशी. पाण्यात जो जो राहतो तो आपलं काहीतरी मागे ठेवून जातो. माशाचा खवला, बेडकाचा बुळबुळीतपणा, पाणकोंबडीची विष्ठा. त्यातला डीएनए पाण्यात तरंगत राहतो. आपण जाळं न टाकता, कुणाला न दुखवता, नुसतं बाटलीभर पाणी घ्यायचं, मोठ्या पिचकारीने ते नाण्याएवढ्या पांढऱ्या गाळणकागदातून दाबायचं आणि कागद कुपीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाई त्यावरून अख्ख्या तळ्याची हजेरी घेतात. मला वर्ग आठवला. मास्तर नाव पुकारणार आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हजर म्हणणार. इथे मासे पुकारल्याशिवायच हजर म्हणतात.

खरा रोख एका परदेशी शिंपल्यावर आहे. तो घुसखोर कुठल्या तरी होडीच्या बुडाला चिकटून येतो आणि शहराला पाणी नेणारे नळ बुजवून टाकतो. डोळ्यांना दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पाण्याला मात्र आधी कळतं.

आणि एक कोरी बाटली. ती मला फार आवडली. कारखान्यातून मोहोरबंद आलेलं निर्मळ पाणी. ते तळ्याकाठी उघडायचं, बाकीच्या पाण्यासारखंच गाळायचं. त्यात काहीही सापडता कामा नये. सापडलं तर ते तळ्यातलं नव्हे, गाळणाऱ्याच्या हातचं.

१८ एप्रिल

पहिला निकाल आला. छत्तीस प्रकारचे जीव हजर! मला या तळ्यात तीनच दिसले होते. शिंपला गैरहजर, म्हणून बाई खूश. पण मला फोनवर चांगलंच झापलं. प्रत्येक नमुन्यात, कोऱ्या बाटलीतसुद्धा, ‘माणूस’ म्हणून मोठा आकडा येतोय. थोडासा नेहमीच येतो, ती ओळ त्या खोडूनच टाकतात, पण काका, हे फारच झालं, तुम्ही पाण्यात थुंकता की काय?

विचार केला तेव्हा लक्षात आलं. गाळणकागद एकमेकांना चिकटून येतात. चिमट्याने सुटत नाहीत, हातमोज्याच्या बोटाने तर नाहीच. मग मी उजवा हातमोजा काढतो, बोट जिभेला लावतो आणि कागद अलगद सोडवतो. चाळीस वर्षं पानं अशीच उलटली. बोट ओलं, कागद सुटला, बोट पुन्हा जिभेला. बाईंना सांगितलं तर आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, अहो, तळ्याचं पाणी चाटताय तुम्ही रोज. कबूल केलं, पुन्हा नाही.

संध्याकाळी धक्क्यावर बसून दोन ओळी जुळवल्या:

तळ्या तळ्या, सांग तुझ्या पोटामध्ये कोण?
हजर म्हणती सारे, पण घेत नाहीत फोन!

धाकटीला फोनवर ऐकवल्या. पोटातल्याने लाथ मारली म्हणाली. रसिक आहे.

२ मे

बोट जिभेकडे जातंच. अर्ध्या वाटेत आठवतं, कधी आठवत नाही.

बाईंचा फोन. घाईत होत्या. नमुन्यांत एक नवीन काहीतरी आलंय. शिंपला नाही, मासा नाही, शेवाळ नाही, जगातल्या कुठल्याच यादीत बसत नाही. आधी यंत्राची चूक वाटली, म्हणून पुन्हा तपासलं. तळ्याच्या लांबच्या टोकांना जेमतेम आहे, बेटाजवळ जास्त.

मी विचारलं, आणि कोऱ्या बाटलीत?

त्या म्हणाल्या, काका, सगळ्यात जास्त तिथेच आहे.

१० मे

तळं बंद. कुठलाही अनोळखी घुसखोर सापडला की नियमच तसा आहे. एखादी होडी, एखाद्या बुटाची ओली नाडीसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही. नावाडी आता धक्क्याला नाव लावत नाही. लांबच्या तराफ्यावर खोकं ठेवतो आणि मी ते दोरीने ओढून घेतो; नमुन्यांच्या मोहोरबंद कुप्या तेवढ्या त्याच तराफ्यावरून जातात. तिथूनच ओरडतो, कविराज, कशी काय हवा तुरुंगाची? मीही हसून हात हलवतो. काठ इतका स्पष्ट दिसतो की बाकावर बसलेल्या माणसाचा शर्ट सांगता येतो. धाकटी काल त्या बाकावर येऊन बसली होती. दोन्ही हात हलवत होती, लहानपणी शाळेच्या फाटकातून हलवायची तसे.

बाईंनी बरेच नमुने मागितले. पिंपातलं पाणी, नळाचं, किटलीतलं, कपात उरलेल्या कोमट चहाचं. गंमत वाटली. चहाची हजेरी!

जूनअखेरीपर्यंत सोडतील का, एवढंच विचारलं. बघू म्हणाल्या.

१७ मे

चहाच्या निकालाने बाईंचा आवाज उतरला आहे. ते जे काही आहे ते उघड्या, गार पाण्यात कसंबसं तग धरतं. पाणी कोमट आणि कोंडलेलं असलं की भराभर वाढतं.

आणि दुसरं. सांगू की नको असं करत सांगितलं. ‘माणूस’ ही ओळ त्या सवयीने खोडतच आल्या होत्या, म्हणून इतके दिवस नजर गेली नाही. आता सगळे निकाल मांडून बसल्या. एप्रिलमध्ये त्या ओळीत केवढा तरी आकडा. मग दर वेळी कमी, आणखी कमी. नव्याचा आकडा तेवढाच वर. मी विचारलं, म्हणजे मी हात नीट धुतो ना आता? बाईंनी तो आकडा पुन्हा एकदा वाचून दाखवला. मग म्हणाल्या, काका, एका कोऱ्या बाटलीत थुंका आणि पाठवा.

पाठवली.

सकाळी अंघोळीला झऱ्याची कविता म्हणायला घेतली. तिसरीतली. मास्तर डस्टरने टेबलावर ताल धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं खिडक्या हादरवायचो. पहिली ओळ आली. दुसरी आली नाही. मास्तर दिसतात, डस्टर दिसतो, पोरांची तोंडं उघडी दिसतात. आवाज नाही.

२१ मे

थुंकीचा निकाल. ‘माणूस’ जवळजवळ गैरहजर.

बाई रडत होत्या. मीच त्यांची समजूत घातली.

अंग दुखत नाही. भूक नाही. पाण्याशी गेलं की बरं वाटतं, एवढंच. कविता सगळ्या गेल्या. ट्रंकेतलं पुस्तक उघडलं, वाचता येतं, पण ती अक्षरं नुसती अक्षरंच. गळा दाटून येत नाही. दाटून यायचा हे माहीत आहे.

धाकटीला सांगितलं नाही. आवाज असा का येतो म्हणाली. सर्दी म्हटलं.

२३ मे

दार उघडत नाही.

अंगठा टेकवला, पुसून टेकवला, दुसऱ्या हाताचाही. लाल दिवा. उजेडात धरून पाहिला. रेषा नाहीत. गोटीसारखा गुळगुळीत. दहाही बोटं तशीच.

गज हलवून पाहिले. जाळी नखाने फाडायला गेलो तर नख मऊ.

बाईंना फोन केला. दार उघडत नाही हे बरंच आहे म्हणाल्या. कुणी येणार नाही, तुम्हीही बाहेर जाऊ नका. मी म्हटलं, आता मी तरी कुठे जातो! हसलो. माझं हसणं मलाच ओळखीचं —

धाकटीकडे मी जायचं नाही. हे मीच ठरवलं. तिच्या पोटात बाळ पाण्यातच असतं. कोमट, कोंडलेल्या. हे बाईंनी सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही.

शब्द दिला होता तो मोडतो. मोडलाच पाहिजे.

२५ मे

धाकटीचा फोन. माझा आवाज ऐकल्यापासून चैन नाही म्हणे, काठावरच आहे. नावाड्याला पटवलंय. त्यालाही मुली आहेत, म्हातारा एकटेपणाने भ्रमलाय असं त्याला वाटतं. उद्या सकाळी तो तिला घेऊन येणार. त्याचा अंगठा दाराला चालतो. बाबा, मी आईची मुलगी आहे, ऐकणार नाही, म्हणाली.

मला म्हणायचं होतं, येऊ नकोस.

जीभ हलली. आवाजही माझाच निघाला, अगदी पूर्वीसारखा, सर्दी नसलेला. म्हणाला, ये.

ती इतकी खूश झाली. रडलीच.

परत फोन लावला. तेच. ये. लवकर ये.

बाईंना लावला, आणि बाईंना मी म्हणालो, सगळं ठीक आहे.

लिहिता मात्र येतंय. फक्त लिहिता — पण कागद काठापर्यंत कसा —

२६ मे

सकाळ. चादरीवर मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीला लावली. येऊ नका. आता बघतो तर ती खाली पडलीय, ओली, शाई सगळी —

नाव निघाली. ती पुढे बसलीय. एक हात पोटावर.

कपाट दाराला लावलं. त्यामागे ट्रंक, पुस्तकांसकट. दमलो नाही. दमायला हवं होतं.

तोंडात रुमाल कोंबलाय. म्हणजे ये म्हणता —

इंजिन थांबलं. नावाडी हाका मारतोय, कविराज, अहो कविराज. हा विनोदी माणूस आज हसत नाही. पावलं. तिची पावलं जड —

मला आनंद होतोय. धाकटी झाली त्या दिवशीही एवढा — नाही. हा माझा नाही. माझा छातीत व्हायचा. हा तळव्यांतून वर येतोय, भिजत भिजत —

कुलूप वाजलं. त्याचा अंगठा. दार बोटभर उघडलं. कपाटाला अडलं.

अडलं! बरं झालं. जाड लाकूड आहे. हलणार नाही.

फटीतून ती म्हणतेय, बाबा, कपाट बाजूला करा ना. बाबा, मी आहे. तिची बोटं दिसतात फटीत. लहान आहेत अजून.

मी करणार नाही. मी इथे ट्रंकेवर बसून लिहितोय. उजव्या हाताने. हा हात माझा आहे, बघतोय ना मी, अक्षर माझंच आहे, मास्तरांनी गिरवून घेतलेलं. लिहीत राहिलो तोवर मी —

डावा हात कपाटावर