सहा वाजून चार मिनिटं

सोमवार, २० जानेवारी २०२५

१. संगमनेरजवळच्या अकोले तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रात माझं अ‍ॅप चालतं. पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड, त्याला सात इंची टचस्क्रीन. शेतकऱ्याचा नंबर, लिटर, फॅट.
२. गेल्या बुधवारपासून रोज सकाळी सहाच्या सुमारास अ‍ॅप बंद होतं.
३. संध्याकाळच्या दुधाला एकदाही नाही.
४. पुन्हा सुरू केलं की दिवसभर चालतं. पण तोवर रांग खोळंबते.

मंगळवार, २१

संशय विजेवर. फॅट मशीन तापताना बोर्डाला वीज कमी पडत असेल. संगमनेरहून जाऊन चांगला अडॅप्टर बसवला.

केंद्रात कर्मचारी एकच — पुंजारामकाका. एकोणीस वर्षं दूध मोजतात. म्हणाले, "ह्याला थंडी वाजत आसंल म्याडम. स्वेटर घाला की!" सकाळचं तापमान नऊ अंश. बोर्डाला त्याने काही होत नाही, असं सांगितलं. चहा पाजला त्यांनी.

बुधवार, २२

६.०३. बंद.

गुरुवार, २३

पुन्हा गेले. मेमरी कार्ड बदललं. आता पडद्यावरचा प्रत्येक स्पर्श लॉगमध्ये नोंदला जाईल.

शुक्रवार, २४

ऑफिसातून लॉग पाहिला. वीज ठीक. क्रॅश नाही. ०६:०४:११ — 'बंद' बटण दाबलं गेलं. अ‍ॅप रीतसर बंद झालं. म्हणजे माणूस!

काकांना फोन केला. "आईशप्पत, म्या पडद्याला हात लावला न्हाई. दुसऱ्या कुनी बी न्हाई."

लॉगवर विश्वास ठेवला. संस्थेचे अध्यक्ष शामकांतराव यांना एका ओळीचा रिपोर्ट पाठवला — 'बिघाड नाही. कर्मचारी सकाळी अ‍ॅप हाताने बंद करतो.'

सोमवार, २७

शामकांतरावांचा फोन. "तुमच्या रिपोर्टानं काम सोपं झालं बघा. मशीन आल्यापासून त्याच्या पोटात दुखतच हुतं. कालपासून घरी बसवला."

मी "बरं" म्हणाले. बरं!

मंगळवार, २८

६.०५. बंद. काका घरी असताना.

गुरुवार, ३०

पावणेसहाला केंद्रावर हजर. काकांच्या जागी अध्यक्षांचा भाचा पंकज, डोकं मोबाईलमध्ये. रांगेत पहिल्या लंकाबाई. सकाळी पहिल्या नेहमी त्याच असतात, हे आज कळलं.

त्यांनी दुधात बोट बुडवलं. पडद्याच्या वरच्या कडेला, बरोबर मध्यभागी टेकवलं. हात जोडले. अ‍ॅप गेलं. ६.०४.

"आजी, पडद्याला हात का लावला?"

"हात कुठं लावला बाय? पाया पडले! पैलं दूध हाय. आदी काट्याला बोट लावायची, आता ह्योच काटा."

"रोज?"

"मंग! दिवाळीला हा पडदा आला तवापासनं. एक दिस चुकवीन व्हय?"

पंकजने मान वर केली. "पाया पडनं म्हंजी काय हात लावनं हाय का म्याडम? पुंजारामकाका तर पैल्या दुधाला सोता हात जोडायचा."

कोणीच खोटं बोललं नव्हतं.

शुक्रवार, ३१

शामकांतरावांना फोन करून सगळं सांगितलं. "आता आमचा पंक्या रुळला वो. आन् कागद तुमचाच हाय ना?"

माझाच आहे.

काकांना फोन केला. सांगायचं होतं ते सांगण्याआधी त्यांनीच विचारलं, "पडदा बरा झाला का?"

झाला नव्हता. एक गोष्ट जुळत नाही. लंकाबाई दिवाळीपासून बोट टेकवतात. अ‍ॅप १५ जानेवारीपासून बंद पडतं. जुनी आवृत्ती उघडून बसले.

शनिवार, १ फेब्रुवारी

पाठवलेल्या पत्राची नक्कल.

'शामकांतराव, २४ तारखेचा माझा रिपोर्ट चुकीचा आहे. तो रद्द समजावा. पूर्वी "बंद" बटण खालच्या कोपऱ्यात होतं आणि दाबल्यावर "नक्की बंद करायचं?" असं विचारलं जायचं. चाचणी करताना तो प्रश्न माझ्या आड येत होता. १४ जानेवारीला मी तो काढून टाकला आणि बटण वर मध्यभागी आणलं. चूक माझी आहे, पुंजाराम यांची नाही. लंकाबाईंचीही नाही. दुरुस्ती काल केली. आज सकाळी अ‍ॅप चालू राहिलं. हे पत्र केंद्राच्या फळ्यावर लावावं. पुंजाराम यांना कामावर परत घेतलं की नाही, ते शुक्रवार, ७ फेब्रुवारीपर्यंत मला लेखी कळवावं. — भार्गवी'