झाकणावरचं नाव

जालना, २५ जानेवारी २००४

तीर्थरूप आईस कुशावर्ताचा नमस्कार.

मावशीकडं माझी काही आबाळ न्हाई. काळजी करू नको.

काल गल्लीत एका पुढाऱ्याच्या बायकोनं हळदीकुंकू ठेवलं होतं. साहेब निवडणुकीला उभे राहणार आहेत. वाण म्हणून स्टीलचा डबा दिला, झाकणावर साहेबांचं नाव घातलेलं. मंग बाईंनी विचारलं, "इंटरनेटनं पोरी बिघडून राह्यल्या. साहेब दिल्लीत गेले की बंदीच आणतील. कोणाकोणाला पाहिजे बंदी?"

वाण घेतल्यावर न्हाई कोण म्हणंल? सगळ्यांचे हात वर. मावशीचाही, अन् तिनं इंटरनेट कधी पाहिलंसुद्धा न्हाई.

मला बिलकुल भरोसा न्हाई. हेच साहेब दिवाळीआधी कॉलेजात आल्ते, तवा गावोगाव इंटरनेट देतो म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. जिथं जे आवडतं तिथं ते बोलायचं, अन् ज्याला जास्त हात त्याचा कायदा करायचा. माझा नर्सिंगचा निकाल तर इंटरनेटवरच लागणार आहे.

दादाचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का?

तू धाडलेले तिळाचे लाडू पोचले. डबा नवा दिसला म्हणून झाकण पाहिलं, तर तिथंही साहेबांचंच नाव. आई, खरं सांग, तिकडं मंठ्याला तुझाही हात वर होता का?

तुझी, अजून न बिघडलेली,
कुशावर्ता