सांगून काढलेली रांगोळी

राजुरी, वसुबारस, २००७

आजही दारात रांगोळी नाही. बायकोचा हात पावसाळ्यापासून थरथरतो, म्हणून ती तो पदराखाली झाकून बसते. तिच्या आईची ठिपक्यांची रांगोळी दुसऱ्या कुणालाच येत नाही. ती तिच्याबरोबरच जाणार, हाच मला घोर.

सून वैशाली कॉलेजात गणित शिकवते आणि प्रश्नपत्रिकेची छापायची पानं घरच्या कॉम्प्युटरवर जुळवते. संध्याकाळी म्हणाली, "आई, हात राहू द्या. तोंडानं सांगा."

मला वाटलं, आता ही माउसनं रेघा ओढणार. पण तिनं चित्र काढलंच नाही! कोणत्या ठिपक्यावरून निघायचं, कुठे वळायचं, हे बायको सांगत गेली आणि वैशाली नुसती अक्षरं, आकडे लिहीत गेली. मग एक बटण दाबलं आणि कॉम्प्युटरच्या काचेवर अख्खी रांगोळी! नुसत्या सांगण्यातून रेघ निघते कशी? आम्हाला विहिरीचा गोल आखायलासुद्धा खुंटी आणि दोरी लागायची.

"वैशे, खालच्या कोपऱ्यात गाठ सुटली की गं," बायको म्हणाली. "माझ्या आईनं सगळी पुसाय लावली असती."

वैशालीनं एकच आकडा बदलला. गाठ बसली.

तेव्हा बायकोनं पदराखालचा हात काढला आणि बोट काचेवर टेकवलं. काच बिघडेल म्हणून मी ओरडणारच होतो. बोट थरथरत होतं, खालची रेघ मात्र जागची हलत नव्हती. ओरडणं राहूनच गेलं.

"बघताय काय नुसतं?" ती मला म्हणाली. "कागद छापून निघालाय. उद्या ठिपके तुमी मांडायचे."

गडीमाणसानं, आणि या वयात? आतापासूनच माझा हात कापतोय.