तीन सेकंद पूर्वेला

॥ श्री ॥
सोनगीर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. कामिनी हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

तू माझी नात, जळगावला भूगोल शिकवतेस, म्हणून तुलाच लिहितो. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि ज्योती सूनबाई फोन घेऊन एरंडोलला माहेरी गेली आहे. कागदावरचं पुन्हा पुन्हा वाचता येतं.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली आहे. विजेच्या मोठ्या तारांचे टॉवर येणार. एक आपल्या शिवारात आहे म्हणतात, पण गट नंबर नाही, नुसते आकडे. हरकत अठरा तारखेपर्यंत धुळ्याला द्यायची. आपल्या विहिरीवर आला तर? ती खोदताना तुझ्या आजीने, पुष्पाबाईने, पोटात तुझी आई असताना मुरूम वाहिला. मे महिन्यातही ती आटत नाही. सरपंचाला विचारलं तर म्हणाला, आबा, टॉवरला अजून आठवा महिना, बाळंतपणाची घाई नको. त्याला हसू येतं. माझ्या घशाखाली भाकर उतरत नाही.

आकडे असे : उत्तर २१.०५, पूर्व ७४.४७. ही जागा कुठे येते ते लगेच कळव. पेरू पाठवतो आहे, बसमध्ये दाबले गेले तर माझा दोष नाही.

तुझा आबा, धनसिंग

जळगाव, ६ नोव्हेंबर

ती. आबांना कामिनीचा साष्टांग नमस्कार.

पेरू पोचले, निम्म्यांचं सरबत झालं होतं. आधी जेवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही कपाशीची चौफुली पाडता ना? आडव्या रेघा, उभ्या रेघा, आणि फुली पडेल तिथे सरकी. पृथ्वीवरही तसंच आहे. आडव्या रेघा म्हणजे अक्षांश. विषुववृत्तापासून उत्तरेला किती आलो ते त्या सांगतात. उभ्या म्हणजे रेखांश. इंग्लंडातल्या ग्रीनिच गावापासून पूर्वेला किती आलो ते त्यांवरून कळतं. एकाच आकड्याने अख्खी ओळ मिळते, दोन्ही मिळून एक फुली.

तुमच्या आकड्यांची फुली सोनगीरपासून बत्तीसेक किलोमीटर पश्चिमेला, साक्रीच्या बाजूला पडते. विहिरीला धक्का नाही. पण टॉवर तुमच्या शिवारातला आणि फुली साक्रीकडे, हे मला जुळत नाही. आकड्यांजवळ बारीक खुणा असतील तर जशाच्या तशा उतरवा. तोवर कोणाला काही सांगू नका.

माया कमी होऊ देऊ नका, ही विनंती.

तुमची कामिनी

॥ श्री ॥
सोनगीर, १० नोव्हेंबर

चि. कामिनी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी अर्धंच वाचलं. धक्का नाही एवढं दिसलं आणि तडक पारावर गेलो. नातीने तपासलं, टॉवर साक्रीकडे आहे, असं सगळ्यांना सांगून टाकलं. कोणाला सांगू नका, ही ओळ घरी परत आल्यावर वाचली.

मग नोटीस पुन्हा पाहिली. २१ वर बारीक शून्य, ५ वर एक काडी, १२ वर दोन काड्या. तसंच ७४, ४७ आणि ३३. सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन आकडे असतात, मध्ये टिंब. मला वाटलं हेही तसंच. म्हणून टिंब मीच दिलं, आणि चौरस मीटर कशाला लिहायचे म्हणून शेवटचे १२ आणि ३३ सोडले. ज्योती परत आली आहे. तिने विहिरीवर उभं राहून फोनमधून जागा काढली : उत्तर २१, ५, १२ आणि पूर्व ७४, ४७, ३०. दोन्हीकडचे आकडे इतके सारखे आहेत की पाहवत नाही. लवकर लिही.

काळजीत, आबा

जळगाव, १३ नोव्हेंबर

ती. आबांना नमस्कार.

चूक सातबाऱ्याची नाही, तुमचीही नाही. हेक्टरचे आर शंभर होतात, पण अंशाचे भाग साठच, घड्याळासारखे. एक काडी म्हणजे मिनिट, दोन काड्या म्हणजे सेकंद. ४७ मिनिटं म्हणजे पाऊण अंशाहून जास्त, आणि टिंबाने ती अर्ध्याहूनही कमी झाली. तेवढ्याने टॉवर साक्रीकडे गेला.

आता नीट बघा. उत्तरेचे आकडे सारखे आहेत. पूर्वेला तीन सेकंदांचा फरक आहे. आपल्याकडे रेखांशाचा एक सेकंद म्हणजे एकोणतीस मीटर. म्हणजे टॉवर तुमच्या विहिरीच्या बरोबर पूर्वेला, सव्वाशे पावलांवर. फोन पाच-दहा मीटर चुकतो, जास्त नाही. तुमची विहीर वाचली, आबा. पण तिथे काय आहे?

कामिनी

॥ श्री ॥
धुळे, १८ नोव्हेंबर

चि. कामिनी हिस आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. सव्वाशे पावलं चाललो. बांध ओलांडावा लागला. तिथे माझा चुलतभाऊ उखर्डू याची विहीर आहे. बांधावरून वाद झाला तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. त्याची हरकत लिहून तयार होती. पारावरचं माझं बोलणं ऐकून त्याने ती फाडली.

तुला खरं सांगतो, रविवारभर मी त्याच्याकडे गेलो नाही. आपली वाचली याचा आनंद होता आणि जेवण तरीही जात नव्हतं. सोमवारी सकाळी त्याच्या दारात उभा राहिलो. तुनी वाचनी ना, मग आठे कसाले उना, असं त्याने विचारलं. इथे आलो कारण टिंब मी दिलं, असं मी सांगितलं. त्याला काही कळलं नाही. चूक माझी आहे एवढं कळलं. त्याने इतक्या शिव्या दिल्या की बहिऱ्यालाही ऐकू आल्या. मग धोतर बदलून नवी हरकत लिहून घ्यायला माझ्याबरोबर आला.

आज शेवटच्या दिवशी इथे अर्ज दिला. त्याने अंगठा दिला, मी साक्षीदार म्हणून सही केली. साक्षीदाराचं नातं लिहायचा रकाना मी मोकळा सोडला. कारकुनाने विचारलं तेव्हा उखर्डू म्हणाला की चुलतभाऊ लिहा, आणि जागा उरली तर बिनडोक असंही लिहा. कारकुनाने पहिलंच लिहिलं.

पोच मिळाली. गुरुवारी मोजणीला येणार. टॉवर सरकेल की नाही, कोणी सांगत नाही. आम्ही दोघं त्याच्या विहिरीवर थांबणार आहोत. उखर्डूला मिनिट-सेकंद पटत नाहीत, आणि माझ्या तोंडचं तर मुळीच नाही. तू त्याच्या नावाने वेगळं पत्र लिही. मी वाचून दाखवीन. या वेळी अर्धं नाही, पुरं.

आबा